ऋतंभरेची मिटलेली मूठ

कृतयुग सरून त्रेतायुग लागले होते, माणसाच्या हाकेला देव अजून ओ देत होते आणि दिलेला शब्द पाळायचा असतो हे असुरांनाही मान्य होते, त्या काळची ही कथा आहे. शीतोदा नदीच्या उत्तर तीरावर पयोधन नावाचे राज्य होते आणि त्याच्या माथ्यावर, नीलवर्ण पर्वतांच्या ओंजळीत, ऋतसर नावाचे विस्तीर्ण सरोवर होते. शाकपर्ण ऋषींनी उग्र तप करून ते वरुणाकडून मागून घेतले होते. देताना तो जलाधिपती म्हणाला होता, "ऋषिवर, हे जल कोणाच्या मालकीचे नाही, पाळीचे आहे. ज्याची पाळी त्याचे पाणी, आणि पाळी सरली की ते पुढच्याचे."

म्हणून ऋषींनी सरोवराच्या काठी तांब्याचे घटिकापात्र ठेवले. तळाशी बारीक छिद्र असलेले ते पात्र पाण्यावर सोडत. ते भरून बुडाले की एका घराची पाळी संपे आणि शेजारच्या घराच्या पाटाचे दार उघडे. शेत राजाचे असो वा कुंभाराचे, पात्र कोणासाठी लवकर बुडत नसे की उशिरा. शाकपर्णांनी देह ठेवल्यावर त्यांची कन्या ऋतंभरा हे काम पाहू लागली. ती मितभाषिणी होती. दिवसभरात तिच्या तोंडून निघत ती बहुधा पाळीदारांची नावेच. तिचा धाकटा भाऊ उदर्क मात्र बोलका, हसरा आणि उतावळा होता.

पयोधनाचा राजा प्रतीपसेन दुष्ट नव्हता. त्याला आपल्या नावाचे राजमार्ग हवे होते, धर्मशाळा हव्या होत्या, सुवर्णकलशांचा प्रासाद हवा होता. कर वाढवावा तर प्रजा कुरकुरे. अशा वेळी बिभीतक नावाचा असुर, श्रेष्ठीचे रूप घेऊन, मधासारख्या वाणीने त्याच्यापुढे उभा राहिला. "महाराज, प्रजा झुडपांआड लपून फासे खेळतेच. तिला छत्राखाली बसवा. एक सभा बांधण्याची आज्ञा द्या, तिच्यावर आपली मुद्रा उमटवा. जे जिंकेन त्याचा षष्ठांश आपला. कर नाही, कुरकुर नाही."

या बिभीतकाने पूर्वी ब्रह्मदेवाला प्रसन्न करून घेतले होते. "माझे फासे पडत राहतील तोवर मला क्षय नसावा," असा वर त्याने मागितला आणि पितामहांनी तथास्तु म्हणून एवढेच जोडले होते, "परंतु ज्या दिवशी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत ते एकदाही पडणार नाहीत, त्या दिवशी तुझे बळ सरेल." असुर मनात हसला होता. असा दिवस उगवेल तरी कशाला?

सभा उभी राहिली. स्फटिकाचे स्तंभ, रत्नखचित पट, मध्यभागी कमळांची पुष्करिणी. पण साऱ्या वास्तूला एकही गवाक्ष नव्हते, त्यामुळे आत बसलेल्याला ऊन कुठवर आले ते कळत नसे. राजकोश भरू लागला तसा राजाला मोह सुटला. एका सभेच्या दहा झाल्या, मग गावोगावी पट मांडले गेले. बायका नवऱ्यांना आणि बाप मुलांना पटावरून ओढून नेऊ लागले, तेव्हा बिभीतकाने राजाकडून नवा नियम करवून घेतला: ज्याने फासे हाती घेतले त्याला ते टाकीपर्यंत कोणी उठवू नये, कोणी त्याच्या हाताला स्पर्श करू नये. आणि आपल्या मोठेपणासाठी आणखी एक रीत त्याने घातली. रोज सकाळी राजधानीतल्या मुख्य पटावर पहिला डाव पडायचा, मग ढोल वाजायचा, आणि तो ऐकून डोंगरोडोंगरी ढोल वाजत गेले की गावचे पट उघडायचे.

आधी लोकांनी दागिने लावले, मग बैल लावले, मग बियाणे. शेवटी लावण्यासारखे काही उरले नाही तेव्हा कोणीतरी आपली पाण्याची पाळी लावली. ती हरल्यावर त्याच्या शेजाऱ्यानेही लावली. ऋतंभरा सरोवराच्या काठी नाव घेई आणि पाटाचे दार उघडायला कोणीच येत नसे. सरोवर तुडुंब होते आणि त्याच्या पायथ्याची शेते भेगाळली होती. मग एके दिवशी वार्ता आली की उदर्काने आश्रमाची पाळी लावली, ती हरला, आणि ती परत मिळवण्यासाठी स्वतःला लावून तेही हरला.

ऋतंभरेने घटिकापात्र पदराखाली घेतले आणि पहाटेच ती राजधानीची वाट चालू लागली.

सूर्योदयाला ती सभेत शिरली तेव्हा उदर्क दासांच्या रांगेत, गळ्यात दोर अडकवून उभा होता. बिभीतकाने तिच्या हातातले पात्र पाहिले आणि त्याचे डोळे लकाकले. सरोवराचे पात्र ज्याच्या हाती, त्याच्या हाती साऱ्या राज्याचे पाणी.

"ये, शुभे. आजचा पहिला डाव तुझा. पात्र लाव. जिंकलीस तर तुझा भाऊ सुटला, आणि वर साऱ्या गावांच्या पाळ्याही परत दिल्या. राजमुद्रेची शपथ."

सभेत कुजबुज उठली. ऋतंभरा पटासमोर बसली. पात्र तिने पटावर ठेवले आणि फासे उजव्या हातात घेतले. ती खरोखर खेळायलाच आली होती. पण फासे तळहातावर येताच तिला जाणवले की ते उबदार आहेत, आपल्या बाजूने कलले आहेत, मांजराने पायाशी अंग घासावे तसे. आज आपण जिंकणार, हे तिला स्वच्छ कळले.

"टाक ताई," उदर्क म्हणाला. "मी हरलो तो घाईने हरलो. तुझा हात स्थिर आहे."

"टाक गं पोरी," मागून कर्णिका नावाची म्हातारी विणकरीण म्हणाली. तिचा माग महिन्यामागेच गेला होता. "तू जिंकलीस की मीही बसते. एक शेळी राहिली आहे अजून."

ऋतंभरेने मान वळवून पाहिले. सारी सभा टाचा उंचावून उभी होती आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत कर्णिकेची शेळी होती. मग तिने बिभीतकाकडे पाहिले. तो पात्राकडे पाहतच नव्हता, तो त्या गर्दीकडे पाहत होता.

तिने मूठ मिटली.

"मी फासे हाती घेतले आहेत," ती म्हणाली. "टाकणार नाही."

"विचार कर, घाई नाही," असुर गोड हसला.

"विचार झाला. तू मला आज जिंकू देणार आहेस. मी जिंकले की इथला एकही हरलेला माणूस मरेपर्यंत उठणार नाही. माझ्या एका जिंकण्यावर तुझी शंभर वर्षे निघतील."

ढोल वाजला नाही. डोंगरापलीकडच्या गावांतले वादक कान देऊन बसले आणि तसेच बसून राहिले. ऋतंभरेने डाव्या हाताने पटावरचे पात्र उचलले, पुष्करिणीच्या पाण्यावर सोडले आणि ती वाट पाहत राहिली. सभेत पहिल्यांदाच वेळ चालू लागला. पात्र बुडाले तशी ती सरोवराकाठच्या आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "शंबलाची पाळी सरली. देवकाचे दार उघडा."

गर्दीतला देवक दचकला. "माझी पाळी तर याने जिंकली."

"ती माझी आहे," बिभीतक म्हणाला.

"मग जा आणि पाणी घे," ऋतंभरा म्हणाली. "तुझे शेत कुठे आहे?"

कोणीतरी फिसकन हसले. बिभीतकाचे शेत कुठेच नव्हते. देवकाने एकदा तिच्या मिटलेल्या मुठीकडे आणि एकदा दाराकडे पाहिले, आणि खांद्यावरचे उपरणे झटकून तो चालता झाला. पात्र पुन्हा तरंगू लागले.

मध्यान्ही राजा प्रतीपसेन स्वतः आला. "आज ढोल का नाही वाजला? या मुलीला उठवा."

"महाराज, नियम," द्वारपाल चाचरत म्हणाला. "हाती फासे असलेल्याला स्पर्श नाही. आपलीच मुद्रा आहे."

राजाचा चेहरा उतरला. तो ऋतंभरेसमोर बसला. "ऋषिकन्ये, मी कोणाचा हात धरून त्याला खेळायला लावले नाही."

"हात धरला नाहीस, राजन्. लाज होती, ती काढून घेतलीस. पूर्वी फासे खेळणारा झुडपाआड लपत होता आणि त्याला शोधायला त्याची माणसे येत होती. तू त्याच्या डोक्यावर छत्र धरलेस आणि त्याच्या माणसांना दाराबाहेर उभे केलेस."

"या धनातून मी धर्मशाळा बांधल्या."

"बांधल्यास. आणि त्यांत निजायला बेघरही तूच पुरवलेस."

राजा तिथेच तिच्यासमोर बसून राहिला. दिवस कलत गेला. पात्र बुडत राहिले, नावे येत राहिली. नाव आलेला प्रत्येक जण थोडा घुटमळे आणि मग निघे. शेवटी कर्णिकेचे नाव आले. "माझी पाळी अजून आहे होय?" म्हातारी पुटपुटली. "बघते मग. शेळीलाही पाणी पाजते." ऋतंभरेची बोटे ताठरली होती, फासे मुठीत तापून निखाऱ्यासारखे झाले होते, तळहाताची कातडी करपल्याचा वास येत होता. मूठ उघडली तर फासे पडतील, एवढेच तिला ठाऊक होते.

"ताई, हात भाजतोय तुझा," उदर्क रडत म्हणाला. "टाक ते. मी दास राहीन."

"तू गप्प उभा राहा," ती म्हणाली. "एवढा एक दिवस तरी घाई करू नकोस."

बिभीतकाचे श्रेष्ठीरूप विरू लागले होते. आतून त्याचे खरे रूप दिसू लागले: धूसर, खडबडीत, आत काही नसलेले. त्याने तिला रत्ने देऊ केली, अमरत्व देऊ केले, शेवटी नुसता एकच डाव मागितला, पणाशिवाय, खेळ म्हणून. ती पात्राकडे पाहत राहिली.

सूर्य मावळला. गवाक्ष नसल्याने सभेत कोणाला ते दिसले नाही. पण त्या क्षणी स्फटिकस्तंभांना उभे तडे गेले, दासांच्या गळ्यांतले दोर गळून पडले आणि मुठीतले फासे थंड झाले. असुर गुडघ्यांवर आला.

"तू जिंकलीस असे समजू नकोस," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "राजांचे कोश रिकामे होत राहतील. ते मला पुन्हा बोलावतील, माझ्या डोक्यावर छत्र धरतील आणि त्याला प्रजेचे हित म्हणतील. हा माझा शाप आहे."

"बोलावतील," ऋतंभरा म्हणाली. "आणि प्रत्येक वेळी कोणी ना कोणी फासे हाती घेईल आणि टाकणार नाही. हा माझा आहे."

प्रतीपसेनाने आपली मुद्रा दगडावर ठेचली. "कोश आता कशाने भरू?" त्याने खालच्या आवाजात विचारले.

"जे पिकेल त्याच्या षष्ठांशाने. आधी पिकू दे."

ऋतंभरेने मूठ उघडली तेव्हा आत फासे नव्हते, वाळलेली करडी फळे होती. ती तिने टाकली नाहीत, सरोवराकाठी खाली बसून हाताने मातीत पुरली. त्यांतून बिभीतकाच्याच नावाचा वृक्ष उगवला, तोच बेहडा. त्याचे फळ वैद्य औषधाला घेतात, कारण तेवढे प्रायश्चित्त असुराला भोगायचे आहे; पण पयोधनातला माणूस त्याच्या सावलीत बसला नाही, त्याने तिथे गुरे बांधली नाहीत. जे बैल आणि जे दागिने गेले ते मात्र परत आले नाहीत. कर्णिकेला माग पुन्हा जोडायला कितीतरी पिके जावी लागली.

आणि त्या दिवसापासून पात्र बुडाले की पाळी सोडणारा आधी मूठ मिटतो, मग ती शेजाऱ्याच्या तळहातावर उघडतो. मूठ रिकामी असते. मग पाटाचे दार उघडते आणि पाणी पुढे जाते.