वरच्या घराच्या दोन घंटा

थांबा. किल्ली इतक्यात मिळायची नाही.

समोर ती तांबडी गाय चरते आहे. तिच्या गळ्यात मोठी घंटा आहे, वासराच्या गळ्यात लहान. दोन्ही वाजताहेत. त्या थांबल्या, म्हणजे गाय आणि वासरू दोन्ही खाली बसली, की किल्ली देतो. वरचे घर घ्या नाहीतर खालचे, नेम एकच. इंग्लंडातल्या या ऑक्सली गावात सुट्टीला आलेला माणूस लंडनचा असो की तुमच्यासारखा पुण्याचा, बॅगा अंगणात ठेवतो आणि घंटा ऐकत बसतो. हा नेम मी काढलेला नाही. मी इथे चाकरीला लागलो त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

खाली नदीकाठी ते गुलाबांचे घर दिसते, ती पूर्वीची पाणचक्की. दारात दगडी खुंटा आहे. त्याला दोर बांधलेला आज हयात असलेल्या कुणी पाहिलेला नाही. बाई, तुम्ही मोबाईलवर फोटो बघून तेच घर पसंत केलेत ना? व्हिटकोम मडमेनेही तेच केले होते. तिने घोडागाडीच्या खिडकीतून पाहिले, एवढाच फरक.

तिची गोष्ट इथले लोक सांगतात ती अशी.

मडमेचा नवरा आपल्या मुलखात, साताऱ्याकडे, साहेब होता. त्यांची लहान मुलगी नेली छातीने आजारी पडली. श्वास घेताना घरघर व्हायची. आडवी निजली की जीव कोंडायचा, म्हणून तिला उशांना टेकवून बसवून झोपवीत. डॉक्टरने सांगितले, विलायतेला न्या, खेड्यात उन्हाळा काढा. मडम बोटीने निघाली. बरोबर मुलीची आया घेतली. आवडा तिचे नाव. जावळीच्या खोऱ्यातली. आपली बाई.

आवडाची स्वतःची मुलगी ठकी तेव्हा नुकती पाय टाकायला लागली होती. तिला आजीच्या ओटीत घालून आवडा निघाली. मडमेने शब्द दिला होता, "नेली उड्या मारायला लागली की तुला मुंबईच्या बोटीत बसवीन." नाही लागली तर काय, हे आवडाने विचारले नाही. ते विचारण्यासारखे नव्हते.

म्हणून मडम सुट्टीचे घर निवडत होती, आणि आवडाचा जीव त्या निवडीत अडकला होता.

खालचे घर मडमेला बघताक्षणी आवडले. नदी दाराशी, गुलाब भिंतीवर, आत पियानो. घरमालकाला संध्याकाळपर्यंत होकार हवा होता. आवडा आडवी आली. आपल्याकडे नव्या जागेवर आधी गाय बांधतात. गाय निवांत बसली तर जागा चांगली. नाही बसली तर पुढे चालायचे. माझ्या वडिलांनी घर बांधले ते असेच बांधले. आवडाने मडमेला तेच सांगितले.

मडम हसली म्हणे. "आवडा, इथल्या गाईंना हे ठाऊक नसतं गं." पण साताऱ्याला इतकी वर्षे काढलेली बाई. म्हणाली, संध्याकाळपर्यंत कर काय करायचे ते.

वरच्या घरात तेव्हा सायलस नावाचा शेतकरी आणि त्याची बायको मार्था राहत. आवडा टेकडी चढून त्यांच्या दारात गेली. तिची इंग्रजी चार शब्दांची. गाईकडे बोट केले, मग खाली नदीकाठच्या घराकडे केले. सायलसला वाटले, आजारी पोरीला धारोष्ण दूध हवे असेल. त्याने गाय सोडून दिली आणि आपल्या कामाला गेला.

इथे चूक झाली. आपल्याकडे अशी गाय न्यायची ती वासरासकट. वासरू आत गोठ्यात होते. आवडाला ते दिसले नाही, की दिसून तिने घाईत पाहिले नाही, हे कुणाला ठाऊक नाही. दोन्ही तऱ्हांनी सांगतात.

गाय खालच्या खुंट्याला बांधली. ती बसेना. दोर ताणून टेकडीकडे तोंड करून उभी. आवडाने गवत घातले, पाणी दाखवले, पाठीवरून हात फिरवला. "बस गं माझे बाय. एकदा बस. मला घरी जायचंय." ती काय बोलली ते इथल्या कुणाला कळले नाही. मी सांगतो ते हे. आपली बाई दुसरे काय बोलणार?

गाय हंबरायला लागली. ऊन कलले. मडम दारात आली. "नाही ना बसत? झालं तर मग. मी मालकाला हो कळवते."

आवडा शेवटचे हात जोडायला खाली वाकली, आणि तिला कास दिसली. कास तटतटली होती. दूध आपोआप जमिनीवर ठिबकत होते.

ती तशीच बसून राहिली म्हणे. आपली ठकी समुद्रापार ठेवून आलेली बाई, आणि तिनेच दुसऱ्या आईला खुंट्याला बांधले होते. मग उठली. तिने दोर सोडला, खुंट्यावरून काढून नदीत फेकला. काही म्हणतात, गाईने तोडला. मला ते पटत नाही.

गाय टेकडीवर धावत सुटली. नेलीने "गाय, गाय" करून हट्ट धरला, तशी आवडाने तिला कडेवर घेतले आणि गाईमागे निघाली. मडमेला विचारले नाही.

वर मार्थाने गोठ्याचे दार उघडले. वासरू आले, आईला लुचले, ढुशा दिल्या. पोट भरल्यावर गाय त्या सफरचंदाच्या झाडाखाली जाऊन बसली. वासरू तिच्या पोटाशी बसले. आवडा शेजारी गवतात टेकली आणि रडली. बोटीत चढल्यापासून ती रडली नव्हती. नेली वासराच्या अंगावर हात टाकून पडली, ती झोपूनच गेली.

मागून मडम आली, धापा टाकत, लालबुंद होऊन. सायलस फाटकात आडवा उभा राहिला. "बाईसाहेब, आवाज करू नका. पोर झोपलंय. आणि गाय बसलीये. आमच्याकडे गाय बसली की पाऊस येतो. आता इथंच थांबा."

मडम बोलायला गेली आणि थांबली. नेली आडवी झोपली होती. उशी नव्हती, टेकू नव्हता. छाती संथ वर-खाली होत होती. मडम आपल्या रेशमी घागऱ्यानिशी गवतात बसली.

पाऊस आला. त्याच संध्याकाळी, असे काही सांगतात, काही दुसरा दिवस सांगतात. नदी फुगली आणि खालच्या घरात पियानोवरून पाणी गेले. आता तिथे बांध आहे, तुम्ही भिऊ नका. मडमेने तो उन्हाळा वरच्या घरात, सायलस-मार्थाकडेच काढला. सफरचंदे उतरली तेव्हा नेली वासरामागे धावत होती.

मडमेने शब्द पाळला. पुष्कळ मडमा अशा बायांना लंडनला वाऱ्यावर सोडून देत, असे ऐकतो. हिने तसे केले नाही. निघायच्या दिवशी मार्थाने विचारले, "पोचलीस ते आम्हाला कसं कळायचं?"

आवडाने गाईच्या मोकळ्या गळ्याला हात लावला. "घंटा धाडीन." ठकीचे नाव तिने काढले नाही. इतक्या महिन्यांत तिकडची काहीच खबर नव्हती. मार्थानेही काढले नाही. पण ते नाव तिला ठाऊक होते.

हिवाळा गेला. घंटा आली नाही. सायलस म्हणाला, "बोट बुडाली असेल." मार्थाने त्याला त्या दिवशी जेवायला वाढले नाही म्हणे.

पुढच्या उन्हाळ्यात हिंदुस्थानातून परतलेल्या एका साहेबाच्या सामानातून गोणपाटाची पिशवी आली. आत पितळेची घंटा. सायलस खूश झाला, तिथल्या तिथे गाईच्या गळ्यात बांधली. मार्थाने पिशवी घडी करायला उचलली, तर ती अजून वाजत होती. तिने हात घातला. आत आणखी एक घंटा होती, लहानशी, मुठीत मावणारी.

मार्था दाराच्या पायरीवर बसली.

"दोन कशाला धाडल्या?" सायलसने विचारले.

"तुला नाही कळायचं," ती डोळे पुसत म्हणाली. "आधी वासरू आण."

त्या दिवशी घरात नवे पाहुणे उतरायचे होते. मार्थाने त्यांना अंगणात थांबवले. दोन्ही घंटा शांत झाल्या, मायलेकरे शेजारी बसली, तेव्हा तिने त्यांना दार उघडून दिले. तेव्हापासून हा नेम.

गाई किती झाल्या, घरमालक किती झाले. घंटा त्याच आहेत. मोठीला चीर गेली आहे, बदलू देत नाहीत. आजही ऑक्सलीत कुणी गाय वासरापासून तोडून बांधत नाही. आजही घर कुणी कितीही आधी ठरवलेले असो, किल्ली...

गप्प बसा जरा. ऐका.

मोठी थांबली. लहानगीचा अजून एक झोका. थांबली.

घ्या किल्ली. बाई, वरच्या घराची देऊ ना?