चितरकोंबडीची अंडी

समुद्रकाठच्या शूर्पारक नगरीत सुबाहू राजा गादीवर होता. त्या जन्मी बोधिसत्त्व तिथल्या एका दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या कुळात आला होता आणि त्याचे नाव सुषेण असे होते. वडिलांमागे जहाजांचा कारभार त्याच्याकडे आला. हाती घेतलेले काम तो मध्येच टाकत नाही, एवढी एकच गोष्ट लोक त्याच्याविषयी सांगत. पण ती सगळेच सांगत.

नगरीच्या मागे डोंगराच्या पायथ्याशी मोठे कुरण होते आणि गवळ्यांची गुरे तिथे चरत. एका वर्षी त्या कुरणात गोचिडांचा सुळसुळाट झाला. गाईंच्या कानांत, कासेला, शेपटीखाली गोचिडांचे घोस लटकू लागले. गुरांना ताप येई, ती चारा सोडत, आणि वासरे तर डोळ्यांदेखत खंगून मरत. गवळ्यांचा मुखिया नंदक हा वयस्कर माणूस होता. गुरांवर त्याचा पोटच्या लेकरांसारखा जीव होता, पण स्वभाव उतावळा होता. त्याने राजाकडे जाऊन सगळे कुरण पेटवून देण्याची परवानगी मागितली.

हे कानावर येताच सुषेण राजसभेत गेला. आगीत गोचीड मरतील, पण गवतातले ससे, लावे, कासवे आणि त्यांची पिल्लेही होरपळतील, असे त्याने राजाला सांगितले. समुद्रापलीकडच्या देशात गाईंच्या पायांत फिरून गोचीड टिपणारे पक्षी त्याने पाहिले होते. राखी अंगावर पांढरे ठिपके असलेल्या त्या पक्ष्यांना खलाशी चितरकोंबड्या म्हणत. आज आपण त्यांना गिनी कोंबड्या म्हणतो. ते पक्षी आणून वाढवण्यासाठी त्याने मुदत मागितली. पुढच्या वर्षीचे गवत वाळेपर्यंत थांबावे, असे राजाने ठरवले.

सुषेणाने पक्षी आणले खरे, पण ते पाळायचे कसे हे त्याला ठाऊक नव्हते. घरी पोचताच त्याने त्यांना अंगणात मोकळे सोडले. ते भर्रकन उडून झाडांवर जाऊन बसले, आणि त्यांतले बरेचसे रानमांजरांनी नेले. उरलेले त्याने मोठ्या कष्टाने गोळा केले. हे घर आपले आहे हे त्या पक्ष्यांना कळायला वेळ लागतो, हे त्याला उमगले. म्हणून त्याने त्यांना खुराड्यात ठेवले, रोज आपल्या हाताने दाणे टाकले, आणि संध्याकाळी ते स्वतःहून माणसाच्या आवाजाकडे वळू लागले तेव्हाच दार उघडले.

पाऊस सुरू झाल्यावर माद्यांनी कुंपणापलीकडच्या करवंदीच्या जाळीत अंडी घातली. सुषेणाने आनंदाने सगळी अंडी उचलून घरात आणली. दुसऱ्या दिवशी जाळी रिकामी, तिसऱ्या दिवशीही रिकामी. आपल्या घरट्यावर कुणी हात टाकला हे ओळखून माद्यांनी जागाच बदलली होती. नवे घरटे शोधायला त्याला बरीच वणवण करावी लागली. यावेळी त्याने अंड्यांना हात लावला नाही, आणि एक मादी तिथेच उबवायला बसली. पिल्ले निघाली, पण त्याच सकाळी आई त्यांना घेऊन ओल्या गवतातून चालत सुटली. भिजून गारठलेली ती इवलीशी पिल्ले एकामागून एक मागे राहिली आणि सुषेण पोचेपर्यंत थंड झाली होती. तो बराच वेळ त्या गवतात बसून होता. मग त्याने त्यांना मातीत पुरले आणि घरी येऊन पत्नी धारिणीला सगळे सांगितले.

धारिणीच्या कोंबड्यांत एक तांबडी कोंबडी नुकतीच खुडूक झाली होती, म्हणजे अंडी घालणे थांबवून उबवायला बसू पाहत होती. यापुढची अंडी तिच्याखाली ठेवून पाहू, असे धारिणीने सुचवले. मग सुषेण घरट्यातली थोडी अंडी तिथेच ठेवून बाकीची आणू लागला, त्यामुळे माद्या तिथेच अंडी घालत राहिल्या. पुरेशी अंडी जमली तेव्हा धारिणीने पाटीत पेंढा घालून ती तांबडीच्या पोटाखाली सरकवली.

ही वार्ता गवळीवाड्यात पोचली आणि नंदक रोज येऊन पाटीपाशी बसू लागला. त्या दिवसांत त्याची आणखी दोन वासरे गेली होती. साध्या कोंबडीची अंडी जेवढ्या दिवसांत फुटतात तेवढे दिवस झाले. काही घडले नाही. आणखी दोन दिवस उलटले, तरीही नाही. अंडी नासली आहेत, असे लोक बोलू लागले.

नेमका त्याच वेळी राजाचा अमात्य सुषेणाकडे आला. राजाला हे पक्षी आपल्या उद्यानात हवे होते, आणि ते दिल्यास सुषेणाला नगरश्रेष्ठी करण्याचे त्याने ठरवले होते. अंडी तर वाया गेलीच आहेत, तेव्हा पक्षी देऊन मान तरी पदरात पाडून घ्यावा, असे अमात्याने त्याला आपुलकीने समजावले. सुषेण उत्तर देणार, तोच आतून धारिणीची हाक आली.

नंदकाचा धीर सुटला होता. त्याने पाटीतून एक अंडे काढून दगडावर फोडले होते. आत नासका बलक नव्हता. ओल्या पिसांचे, मिटल्या डोळ्यांचे एक पिल्लू होते. त्याने एकदा मान हलवली आणि नंदकाच्या तळहातावर ते निपचित पडले. म्हातारा ते हातात धरून उभा होता.

"सुषेणा, मी जिवंत पिल्लू मारलं," तो म्हणाला.

सुषेणाने त्याला खाली बसवले आणि ते पिल्लू आपल्या हातात घेतले.

"हे व्हायला नको होतं, काका," तो म्हणाला. "पण याने आपल्याला खरं काय ते दाखवलं. आत जीव आहे, तो वाढतो आहे. कोंबडीच्या अंड्यांना लागतो त्याहून जास्त वेळ यांना लागतो, एवढंच. आता यांना कुणी हात लावायचा नाही. तुम्हीही नाही, मीही नाही."

मग तो बाहेर गेला आणि अमात्याला शांतपणे म्हणाला, "महाराजांना माझा नमस्कार सांगा. हे पक्षी उद्यानात गेले तर उद्यान शोभेल, पण कुरण जळेल. मी ते देऊ शकत नाही."

अमात्य परत गेला. नगरश्रेष्ठीचे पद दुसऱ्या व्यापाऱ्याला मिळाले, आणि सुषेण त्याच्या घरी स्वतः अभिनंदन करायला गेला.

त्यानंतरही काही दिवस गेले. तांबडी उठली की धारिणी तिच्यापुढे दाणे-पाणी ठेवी आणि ती परतून बसेपर्यंत तिथून हलत नसे. सुषेण आपल्या वखारीत नेहमीसारखे काम करी. पिल्ले निघतील का, असे कुणी विचारले तर तो फक्त निघतील म्हणे, आणि त्याच्या आवाजात शंका नसे. अखेर एका सकाळी अंड्यांच्या आतून टकटक ऐकू येऊ लागली. नंदकाने पाटीजवळ कान नेला, आणि त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. संध्याकाळपर्यंत तांबडीच्या पंखांखालून पट्ट्यापट्ट्यांची डोकी बाहेर डोकावू लागली.

या पिल्लांना कुणी ओल्या गवतात जाऊ दिले नाही. ती कोरड्या पडवीत, कोंबडीच्या उबेत वाढली. बुडू नयेत म्हणून धारिणीने पाण्याच्या परळात खडे टाकले, आणि नंदक रोज वारुळातली वाळवी घेऊन येई. गवत वाळले तोवर पिल्ले तुरुतुरु धावण्याइतकी मोठी झाली होती. मधल्या काळात कुरणात सोडलेले मोठे पक्षी ज्या गाईंमागे फिरत होते त्यांचे कान आधीच स्वच्छ दिसू लागले होते. नंदक स्वतः राजसभेत गेला आणि त्याने कुरण पेटवू नये अशी विनंती केली. राजाने ती मान्य केली. पुढच्या पावसाळ्यात ज्या ज्या घरी खुडूक कोंबडी होती त्या त्या घरी सुषेणाने अंडी पोचवली, आणि नवशिक्या माणसाकडून काय काय चुका होतात ते आपल्याच चुकांच्या उदाहरणांनी सांगितले. काही वर्षांत कुरणभर ठिपकेदार पक्ष्यांचे थवे गाईंच्या पायांत चरू लागले, आणि गवतातले ससे नि लावेही तिथेच नांदले.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सुमंगल नावाच्या तरुण भिक्खूला सांगितली. ध्यानाचे फळ दिसत नाही म्हणून तो संघ सोडून घरी निघाला होता. कथा संपवून ते म्हणाले, "त्या जन्मीचा नंदक तूच होतास. धारिणी म्हणजे संघाला रोज भिक्षा घालणारी ही उपासिका रेवा. सुबाहू राजा म्हणजे या विहाराला जागा देणारा गृहस्थ धनंजय. आणि सुषेण मी होतो. तेव्हा ज्या बळावर मी वाट पाहिली, त्या बळाला क्षांती म्हणतात."

सुमंगलाने खांद्यावरचे गाठोडे खाली ठेवले आणि तो पुन्हा आपल्या आसनावर जाऊन बसला.