नेटजवळचा माणूस

"एकट्याचा खेळ शिकवताय का नाही, तेवढं सांगा."

दिगूने पुन्हा तेच विचारलं. सरनोबत मास्तर झारीने कोर्टावर पाणी शिंपडत होते. शेणाने सारवलेलं जुनं कोर्ट, उन्हाने तडकू नये म्हणून दुपार कलली की मास्तरांचं हे काम ठरलेलं. कधीकाळी याच जिमखान्यातून निघून त्यांनी आणि बाबालालने टेनिसच्या दुहेरीतली मिळतील तेवढी बक्षिसं आणली होती. बाबालाल जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली.

"दुहेरीने काय बिघडवलं तुझं?" मास्तर म्हणाले.

"जोडीदार नको मला. मागं कोणी नकोच."

"पिराजी वाईट आहे?"

पिराजी कुंपणाच्या तारेला टेकून उभा होता. जिमखान्याने दिगूला दिलेला नवा जोडीदार. परवाच्या मॅचमध्ये दिगू त्याला चारचौघांत नको नको ते बोलला होता आणि अर्ध्यातूनच रॅकेट आपटून निघून गेला होता. तरी पिराजी आला होता.

"मी काय वाईट न्हाई," पिराजी म्हणाला. "ह्योच मधी खाली बसतोय. मागच्याला आधी सांगावं तरी."

दिगूचे कान तापले.

कसं सांगणार? त्याच्या थोरल्या भावाला कधी सांगावं लागलं नव्हतं. दिगू नेटजवळ, दादा मागे. चेंडू मधोमध जोरात आला की दिगू झटकन वाकायचा आणि दादा त्याच्या डोक्यावरून डाव्या हाताने हाणायचा. हाक नाही, खूण नाही. श्रावणात दादा काविळीने गेला. वाकणं राहिलं.

"उभा राहा नेटजवळ," मास्तर म्हणाले.

त्यांनी पलीकडून चेंडू मारायला सुरुवात केली. डावीकडे, उजवीकडे, पायाशी. दिगूने एकेक असा परतवला की पिराजीने मान हलवली. मग मास्तरांनी एक मधोमध सोडला.

दिगू वाकला.

मागे रिकाम्या कोर्टावर चेंडू टप् करून पडला…

"सवय आहे," दिगू म्हणाला.

"हं."

पुढच्या वेळी त्याने दात आवळले, पाय रोवले. चेंडू आला आणि तो वाकलाच. तसाच खाली बसून राहिला, शेण-मातीकडे बघत.

"हे कसं मोडायचं, मास्तर? तुम्ही कसं मोडलंत, बाबालालचाचा गेल्यावर?"

"तो मागे असायचा, मी पुढे," मास्तर म्हणाले. "अर्धी बक्षिसं मी नुसता वाकून मिळवली."

पिराजी हसला. दिगू नाही.

"टाळ्या वाजल्या की मला कळायचं, आत पडला म्हणून. मी जमिनीकडे बघत असायचो."

"ते नाही विचारत मी. तो गेल्यावर काय केलंत?"

मास्तर रॅकेटच्या तारा बोटाने सरळ करू लागले.

"घरात बसवत नाही. इथं उभं राहवत नाही. आई जेव म्हणाली तरी तिच्या अंगावर जातोय मी. काहीतरी सांगा की."

मास्तरांनी आपली रॅकेट पिराजीच्या हातात दिली. नेटच्या कडेने वळून, दुखरा गुडघा सांभाळत ते दिगूच्या बाजूला आले आणि रिकाम्या हाताने नेटजवळ उभे राहिले.

"तू मागे हो."

"ती दादाची जागा आहे."

"माहीत आहे. पिराजी, मधोमध मार. जोरात."

"मास्तर, लागंल तुम्हाला."

"मार."

दिगू मागे सरकला. या जागेवरून त्याने कधी कोर्ट पाहिलंच नव्हतं. इथून नेटजवळच्या माणसाचा चेहरा दिसत नाही. मान तेवढी दिसते.

"मास्तर, बाजूला व्हा. माझा हात उजवा आहे, मला दादासारखं नाही…"

पिराजीने मारला.

मास्तर वाकले. गुडघ्यावर हात टेकून, पार खाली. पांढऱ्या केसांखालची उघडी मान, आणि तिच्यावरून सरळ येणारा चेंडू.

दिगूचा हात फिरला.

चेंडू त्या मानेच्या वीतभर वरून गेला. पलीकडे पिराजी जागचा हलला नाही. लांब कुंपणाची तार झणझणली, मग थांबली…

दिगू तिकडे बघतच नव्हता. तो त्या वाकलेल्या पाठीकडे बघत होता आणि त्याला ती नीट दिसत नव्हती.

मास्तरांनी मान वर केली नाही. खाली बघतच त्यांनी विचारलं,

"आत पडला का रे?"