संत्राबर्फीची चिठ्ठी

एका संगणक-केंद्रात एक वृद्ध तंत्रज्ञ काम करीत असत. सारे त्यांना अण्णा म्हणत. कुठल्या रक्तपेढीत कुठल्या गटाचे रक्त शिल्लक आहे, याची यादी त्यांच्या पुण्याच्या सर्व्हर-समूहात असे आणि तिची प्रत क्षणोक्षणी नागपूरच्या समूहात जाई.

एका गुरुवारी दुपारी चार वाजता पुण्याचा समूह दुरुस्तीसाठी बंद व्हायचा होता. पुढची भिस्त नागपूरवर. दोहोंमधली जोडणी ठीक आहे, अशी सही अण्णांची शिष्या इरावती हिने करायची होती. तिची ही पहिलीच सही. सकाळी दहापासून दर अर्ध्या तासाला ती काळ्या पडद्यावर कमांड देई आणि आलेले उत्तर वहीत टिपून घेई: ‘जोडलेले’. अशा अकरा नोंदी झाल्या.

“अण्णा, करू सही?”

अण्णांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि यादीतल्या चाचणीच्या ओळीत लिहिले, ‘ढोमणे, संत्राबर्फी कधी?’ मग नागपूरचा समूह सांभाळणाऱ्या ढोमण्यांना स्पीकरवर फोन लावला.

“अहो, तीन वाजून गेलेत आणि तुम्हाला बर्फी सुचतेय!” इरावती म्हणाली.

“ढोमणे, यादी उघडा आणि माझी चिठ्ठी वाचा.”

“कोणती चिठ्ठी जी?” पलीकडून ढोमणे म्हणाले. “इथं तर मंगळवारनंतर काहीच नाही आलं... अरे बापा! इथल्या दुरुस्तीसाठी मीच नोंदींची आवक थांबवली होती. सुरू करायची राहूनच गेली!”

त्यांनी आवक सुरू केली. दोन दिवसांच्या अडलेल्या नोंदी भराभर वाहू लागल्या. पावणेचारला फोनवर ढोमण्यांचे मोठ्याने हसणे ऐकू आले.

“आली जी, आली! ‘संत्राबर्फी कधी?’ रविवारी पाठवतो. ताईंचा डबा वेगळा!”

इरावतीही हसली, पण लगेच म्हणाली, “म्हणजे माझा पडदा खोटं बोलत होता?”

“नाही गं,” अण्णा म्हणाले. “तू विचारलंस, रस्ता आहे का? तो म्हणाला, आहे. खरंच होतं ते. पण माणूस पोचला की नाही, हे रस्त्याला काय ठाऊक? ते ज्याच्या दारी जायचं, त्यालाच विचारावं. आणि त्याच्या नुसत्या ‘हो’वर थांबू नये, त्यानं वाचून दाखवावं.”

अकरा नोंदींखाली इरावतीने बारावी लिहिली, ‘नागपूरने वाचून दाखवले’, आणि मगच सही केली.

चारला पुण्याचा समूह बंद झाला. चार वाजून दोन मिनिटांनी एका रुग्णालयाने बी निगेटिव्ह रक्ताची चौकशी केली. नागपूरने तत्काळ रक्तपेढीचा पत्ता सांगितला.

ज्यांच्याशी आपले सारे ठीक चालले आहे असे आपण धरून चालतो, त्यांनाही अधूनमधून एक ओळ धाडावी आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.