माकडाची आगटी

माळाच्या कडेला साग-पळसाचे एक विरळ जंगल होते आणि त्या जंगलात एक माकड राहत असे. माकडाची नजर तल्लख होती. एकदा पाहिलेले ते सहसा विसरत नसे. मात्र अर्धे पाहिले तरी आपण सगळे पाहिले, अशी त्याची समजूत होई. पौष महिन्यात मेंढपाळांचा तळ या जंगलाशेजारी पडला. ते जमिनीत वीतभर खोल खळगा करीत, त्यात गोवऱ्यांचे निखारे भरत आणि ज्वारीची कोवळी कणसे खुपसून हुरडा भाजत. त्या खळग्याला ते आगटी म्हणत. संध्याकाळी त्यांच्यातली एक म्हातारी निखाऱ्यांवर राख ओढी, वरून हलकेच थोपटी आणि निजायला जाई. माकड हे झाडावरून रोज पाही. राख ओढली की धूर थांबतो, म्हणजेच विस्तव विझतो, असे त्याने मनाशी पक्के केले. मग तेही निजे, ते थेट उन्हे वर येईपर्यंत.

मेंढपाळांचा तळ हलला त्या सकाळी सामान बांधण्याची गडबड चालली होती. तेवढ्यात माकडाने एका खापरात दोन धगधगत्या गोवऱ्या घेतल्या, दहा-बारा कणसे काखेत मारली आणि जंगल गाठले.

"अस्वलदादा, ओ अस्वलदादा! उठा, आज हुरडा आहे."

अस्वल हुरड्याच्या वासाला चांगले ओळखत होते. ते लगेच आले. पण माकडाने निवडलेली जागा पाहून ते थबकले. "अरे, इथं गुडघाभर वाळलेलं गवत आहे. खाली ओढ्याच्या वाळूत जाऊ की. पाणीही हाताशी राहील."

"वाळूत उन्हाचं कोण बसणार? इथं सावली बघा कशी आहे! मी चार हात गवत उपटतो, मग झालं?"

माकडाने चार हात म्हणून दोनच हात गवत उपटले आणि खळगा केला. तेवढ्यात समोरच्या कुसळी गवतातून एक लावी बाहेर आली. ही मातकट रंगाची, मुठीएवढी पक्षीण जमिनीवरच अंडी घालते. तिची सात अंडी तिथून पंधरा पावलांवर होती. अकरा दिवस ती त्यांच्यावर बसली होती आणि अजून सहा दिवस बसायचे होते.

"माकडभाऊ, मला उडता येतं," लावी म्हणाली, "पण अंड्यांना येत नाही. आगटी जरा लांब नाही का करता येणार?"

"लावीताई, तू उगाच घाबरतेस. मेंढपाळांची आगटी मी महिनाभर पाहिली आहे."

"पाहिली, की केलीसुद्धा?"

अस्वल हसले. माकड मात्र हसले नाही. त्याने कणसे निखाऱ्यांत खुपसली. अस्वल लांब काठीने कणसे फिरवत होते, तर माकड हातानेच ओढत होते आणि प्रत्येक वेळी बोटे तोंडात घालत होते. एका कणसाने पेट घेतला तेव्हा ते विझवण्यासाठी माकडाने ते डोक्याभोवती गरागरा फिरवले. ठिणग्या उडाल्या.

"खाली टाक! मातीत दाब आधी!" अस्वल ओरडले. "दिवाळी आहे का तुझी?"

कणीस मातीत दाबले गेले. मग दोघांनी गरम कणसे तळहातांवर चोळली, फुंकर मारून फोलपटे उडवली आणि हिरवे, गोड दाणे पोटभर खाल्ले. लावीलाही मूठभर दाणे मिळाले. तिने ते खाल्ले, पण तिचे लक्ष आगटीवरच होते.

"आता विझवून जा बरं का," ती म्हणाली.

"म्हणजे काय!" माकडाने निखाऱ्यांवर राख ओढली, वर दोन मुठी कोरडी माती टाकली आणि म्हातारीसारखे हलकेच थोपटले. "बघ, आहे का धूर?"

धूर नव्हता.

"पाणी घातलंस का रे?" अस्वलाने आडवे पडल्या पडल्या विचारले.

"पाणी कशाला? ती म्हातारी कुठं घालायची?"

म्हातारी राख का ओढते, हे अस्वलाला ठाऊक होते. सांगावे म्हणून त्याने तोंडही उघडले. पण ओढा दीडशे पावले खाली होता, पोट भरलेले होते आणि सांगितले तर पाणी आणायला आपल्यालाच जावे लागेल, हेही त्याला कळत होते. त्याने जांभई दिली आणि तोंड मिटले.

दोघेही आपापल्या जागी गेले. दुपारी वारा सुटला. आधी माती सरकली, मग राख उडाली आणि खाली लाल निखारा दिसू लागला. पळसाचे एक वाळके पान त्यावर येऊन पडले. पान पेटले, पानावरून गवत पेटले. लावीने ते पाहिले. ती उडून गेली नाही. अंड्यांवर पंख पसरून ती ओरडत राहिली.

अस्वल धावत आले. जाळ पाहताच ते उलट ओढ्याकडे पळाले, पाण्यात लोळले आणि ओल्या अंगाने येऊन जळत्या गवतावर लोळू लागले. माकड हिरवी फांदी मोडून जाळ झोडपू लागले.

"मी विझवली होती! दादा, शपथ, मी राख घातली होती!"

"अरे, राख घालून विस्तव राखतात, विझवत नाहीत!" अस्वल धापा टाकत म्हणाले. "पहाटे म्हातारी तीच राख सारून त्याच निखाऱ्यांवर चूल पेटवायची. मी वारुळं उकरायला जातो ना, रोज पाहिलंय."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

अस्वल पुन्हा ओढ्याकडे पळाले. माकड खापरातून पाणी आणू लागले. पाच खेपांनंतर आग थांबली. लावी तिथेच होती. तिच्या शेपटीची टोके करपली होती. घरट्याच्या एका अंगाचे गवत पार जळून गेले होते.

आता आगटीत माकडाने पाणी ओतले. चर्र आवाज झाला. काठीने ढवळून त्याने पुन्हा पाणी ओतले. मग हात राखेजवळ नेला, धग लागली नाही तेव्हा राखेत घातला. राख गार होती.

"लावीताई, चुकलो," माकड म्हणाले.

"मी त्याच्यापेक्षा जास्त चुकलो," अस्वल म्हणाले. "त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं."

"तुमच्या बोलण्यानं गवत उगवणार नाही," लावी म्हणाली. "घरटं उघडं पडलं. वरून घारीला दिसतंय."

माकड पानांची फांदी घेऊन आले आणि घरट्यावर सावली धरून बसले. अस्वल थोडे दूर, घारीला दिसेल असे बसले. सहा दिवस त्यांनी पाळी चुकवली नाही.

सहाव्या दिवशी सकाळी अंडी फुटली. सहा पिल्ले बाहेर आली. आगीच्या बाजूचे सातवे अंडे तसेच राहिले. लावीने दुपारपर्यंत वाट पाहिली, मग पिल्लांना घेऊन ती ओढ्यापलीकडच्या गवताकडे निघाली.

"ताई, हे एक?" माकडाने विचारले.

"त्याला धग जास्त लागली, भाऊ," लावी म्हणाली आणि पिल्लांच्या मागे चालू लागली.

माकड संध्याकाळपर्यंत त्या अंड्यावर फांदी धरून बसले होते.

तात्पर्य : झाकलेला विस्तव विझलेला नसतो. पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत जागा सोडू नये. आणि ज्याला हे ठाऊक आहे, त्याने आळसापोटी गप्प बसू नये.