पाण्यावरचं सांबर

एका राज्यात चुली पेटायच्या, पण भात शिजायचा नाही. लाकडं जळून राख व्हायची, आधण मात्र गारच्या गार. डाळीत बोट घाला, जशी आत्ता विहिरीतून काढलेली.

हे सगळं राजा सोनकेताचं कर्म. त्या रानाची रीत होती, पाण्याला तोंड लावलेल्या जनावराला बाण मारायचा नाही. आधी तहान भागू द्यायची, मग काय तो पाठलाग. राजाला दम निघाला नाही. सांबर पाणी पीत होतं, तसंच पाडलं. तळ्याकाठी एक मांत्रिक राहायचा. तो म्हणाला, "त्याला पोटभर पाणी पिऊ दिलं नाहीस. तुझ्या राज्यात पाणी उकळणार नाही." एवढं बोलून बेडूक झाला आणि तळ्यात उडी मारली. मागोमाग तळंही आटलं.

मोठी माणसं भिजवलेले हरभरे चावून जगली. राजाची लेक तेरणा एका वर्षाची, दात दोन. राणी लिंबावतीचं दूध आटलेलं, गाईचं पोरीला पचेना. पोर वाळत गेली. मग रडायचीही थांबली.

टिटवी कधी कौलावर बसते का? ही बसली. म्हणाली, "राजा, तीन बाण घे, घरची माणसं घे, रानात जा. पहिला बाण मार, रक्त नको. दुसरा मार, रोख नको. तिसऱ्याचं तुझं तू बघ. सोन्याच्या शिंगांचं सांबर येईल. ती शिंगं चुलीत घातलीस, तर आधण येईल."

राजा निघाला. पाठीशी पोर बांधून राणी निघाली. मेव्हणा गंगाळसेन निघाला, त्याच्या आधी त्याचं पोट निघालं. राजाचा दोस्त बढाईसिंगही निघाला. त्याने म्हणे एकदा नुसतं डोळे वटारून वाघ मारला होता.

जाळीत सांबराचं पाडस अडकलं होतं, गळ्याला वेलीचा फास. राजाने बाण सोडला. वेल तुटली, पाडस पळालं.

"दाजी, वेल मारलीत!" गंगाळसेन म्हणाला. "आता तिचीच भाजी करायची का?"

"कशावर करणार, दादा?" राणीने विचारलं.

पुढे तेच आटलेलं तळं लागलं. राजाने डोळे मिटले, दुसरा बाण आभाळात सोडला. तो बढाईसिंगाचं पागोटं घेऊन खाली आला आणि तळ्याच्या मधोमध रुतला. तिथून झरा फुटला, तळं भरलं.

"मी मुद्दामच पागोटं पुढे केलं," बढाईसिंग म्हणाला.

तेवढ्यात सांबर आलं. शिंगं अशी, की सूर्य झाडाआड असूनही उजेड पडला. त्याने पाण्याला तोंड लावलं. राजाने तिसरा बाण लावला, दोरी कानापर्यंत ओढली.

"मारा, दाजी! पळालं तर गेलं!"

राजाने लेकीकडे पाहिलं. तिची मान राणीच्या खांद्यावर कलंडली होती.

"मारा, महाराज," राणी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तेही आटलेलं.

"पिऊ दे त्याला," राजा म्हणाला.

आणि सांबर प्यायलं. काय घाई होती त्याला? एक घोट, मग कान हलव. दुसरा घोट, मग माशी हाकल. दोरीने राजाचं बोट चिरलं. बाण सुटला नाही.

सांबराने मान वर केली, अंग झटकलं. दोन्ही शिंगं गळून राजाच्या पायाशी पडली. बोडक्या डोक्याने ते रानात निघून गेलं. राजाने बाण भात्यात ठेवला.

तिथेच तीन दगड मांडले, शिंगं पेटवली, त्याच तळ्याचं पाणी चढवलं, बरोबरचे तांदूळ घातले. झाकण थडथडलं. बेडूक काठावर आला, मांत्रिक झाला, म्हणाला, "आता तुझ्या राज्यात पाणी उकळेल. मलाही पान वाढा."

राणीने मऊ भात बोटाने लेकीच्या तोंडात घातला. पोरीने गिळला. दुसरा घास यायला उशीर झाला, तशी तिने असं भोकाड पसरलं की झाडावरची माकडं उतरून पळाली. राजा हसत होता आणि डोळे पुसत होता.

गंगाळसेनाने घाईघाईत जीभ भाजून घेतली. किती दिवसांनी भाजली, म्हणून सगळ्यांना दाखवत फिरला.

त्यांच्या भाताला वाफ आली, तुमच्याही येवो. गोष्ट शिजली, आता झाकण ठेवा.