फक्कीने आखलेलं चर्च

“...आणि ओसरी कुठे गेली?”

गाडीच्या बॉनेटवर पसरलेल्या नकाशावरून बोट फिरवत इनास तुस्कानोंनी विचारलं.

“काढून टाकली, सर,” आल्बन म्हणाला. याच प्रश्नाची तो वाट पाहत होता.

वसईपासून डहाणूपर्यंतच्या किनाऱ्यावर इनाससरांनी अकरा चर्च बांधली होती. घरं किती बांधली ते त्यांना स्वतःलाही सांगता येत नसे. घर हाती घेतलं की ते आधी त्या घरातल्या बाईला विचारत, सकाळचा पहिला चहा तू कुठे बसून पितेस? चर्च हाती घेतलं की मात्र कुणालाच काही विचारत नसत. चार रविवार नुसते जाऊन बघत.

आता त्यांना एक्याऐंशी वर्षं पूर्ण झाली होती. गुडघे ऐकत नव्हते. बोरभाटचं नवं चर्च त्यांनी शिष्यावर सोपवलं होतं.

आल्बन फरगोज सोळा वर्षं त्यांच्या टेबलाशेजारी बसून लोकांची घरं आखत आला होता. चर्च हे पहिलंच. संध्याकाळी बांधकाम समितीची बैठक होती आणि समितीची अट एकच होती : नकाशावर सरांची सही हवी. नाहीतर काम मुंबईच्या एका कंपनीकडे जाणार होतं.

“का काढलीस?”

“ओसरी असली की बाहेर थांबायला निमित्त मिळतं, सर. प्रवचन सुरू झालं की आपले निम्मे पुरुष बाहेर. तिथे केळीचा भाव, पंचायतीचं राजकारण, कुणाच्या मुलीचं कुठे जमलं... ओसरीच नसेल तर जातील कुठे? येतील आत.”

“फादर काय म्हणाले?”

“फादर खूश आहेत.”

“असणारच. प्रवचन आखूड करण्यापेक्षा हे सोपं.”

आल्बन हसला नाही. त्याने खिशातून पेन काढून पुढे धरलं.

सरांनी ते घेतलं नाही.

“मी अकरा बांधली,” ते म्हणाले. “अकराही ठिकाणी ओसरी ठेवली. का, ते तू सोळा वर्षांत एकदाही विचारलं नाहीस.”

“मला वाटलं, रीत म्हणून.”

“हं...”

सरांनी नकाशावरून बोट उचललं.

“फक्की टाकलीस?”

ही सरांची जुनी पद्धत. इमारत आधी चुन्याच्या फक्कीने खऱ्या मापात जमिनीवर आखायची, मग तिच्यात चालून बघायचं. एकदा एका म्हातारीला त्यांनी अशा रेघांमध्ये पाट मांडून बसवलं होतं. “इथून मला विहीर दिसत नाही,” असं ती म्हणाली, तेव्हा सरांनी स्वयंपाकघराची भिंत पायानेच पुसून टाकली होती.

“पहाटेच टाकली,” आल्बन म्हणाला.

जुन्या चर्चच्या मागच्या मोकळ्या जागेत पांढऱ्या रेघा उठून दिसत होत्या. वेदी, बाकांच्या रांगा, मधली वाट, दर्शनी दार. रेघ अन् रेघ दोरी लावून मारलेली.

“मग जा आत.”

“मी?”

“रविवार आहे असं समज. घंटा झाली, मिस्सा सुरू झाली. जा, आपल्या जागेवर जाऊन बस.”

आल्बन निघाला. ताठ मानेने, भराभर. दारापाशी आला. उंबऱ्याच्या जागी बोटभर जाडीची रेघ होती, तीही वाऱ्याने विस्कटायला लागलेली. पलीकडे वेदीपर्यंत सरळ वाट.

तो थांबला.

“काय झालं?” सरांनी मागून विचारलं.

“काही नाही. माप बघतोय.”

“बघ.”

माप तो बघत नव्हता. दोन वर्षांपूर्वी जुन्या चर्चमधल्या अशाच वाटेवरून त्याच्या बायकोची, जसिंताची शवपेटी बाहेर आली होती, आणि पेटीमागून तो. त्यानंतर तो आत गेला नव्हता. यायचा मात्र दर रविवारी, न चुकता, इस्त्रीचा शर्ट घालून. मिस्सा संपेपर्यंत ओसरीतल्या खांबाशी उभा राहायचा. कुणी विचारलं तर खांबाची भेग बघतोय म्हणायचा. आर्किटेक्ट माणूस. लोकांना पटायचं.

पाऊल उचलवत नव्हतं.

“सर...” मागे वळून न बघता तो म्हणाला, “मला वाटलं होतं, ओसरी नसली तर मलाही आत जावंच लागेल.”

“मग जा.”

“होत नाही.”

“हे चर्च उभं राहिल्यावर काय करशील? पहिल्या रविवारी?”



“येईन,” तो म्हणाला. “इथवर येईन... आणि घरी जाईन.”

“दुसऱ्या रविवारी?”

“दुसऱ्या रविवारी बहुतेक येणार नाही.”

पाठीमागे चुन्याचं घमेलं सरकल्याचा आवाज झाला. मग पुन्हा, आणखी जवळ. आल्बनने वळून पाहिलं. इनाससर वाकले होते. एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हातात चुना. दाराच्या डाव्या कोपऱ्यापासून त्यांनी रेघ ओढायला घेतली होती. मधे दोनदा ते थांबले, दम घेतला. आल्बन पुढे झाला तेव्हा त्यांनी हातानेच खूण केली : आहेस तिथेच राहा.

रेघ बाहेर आली, आल्बनच्या टाचांमागून फिरली आणि दाराच्या उजव्या कोपऱ्याला जाऊन भिडली. सोळा वर्षांत त्याने सरांच्या हातून इतकी वेडीवाकडी रेघ पाहिली नव्हती.

सर सरळ उभे राहिले. हात झटकले.

आल्बनने पायांकडे पाहिलं. तो जागचा हलला नव्हता. समोर, बाकांच्या रांगांच्या पलीकडे, वेदीचा चौकोन दिसत होता. त्याने तिकडे पाहिलं, आणि नजर काढून घेतली नाही.

सर गाडीपाशी गेले. आपल्या खिशातलं पेन काढून त्यांनी नकाशावर सही केली. कागदावर ओसरी अजून नव्हती.

“पण सर,” आल्बन तिथूनच म्हणाला, “लोक मग इथेच थांबतील.”

“थांबतील तर थांबतील. छप्पर तेवढं त्यांच्या डोक्यावर आण.”